‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात आम्ही काय लिहायचं?

कातरवेळ

गेल्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास माझ्या जोडीदारीणीच्या पोटात कळा यायला लागल्या. अपेंडिक्स. रिक्षा मिळेना, शेवटी समोरच्या दादांनी झोपेतून उठून गाडी काढली. इस्पितळाच्या काउंटरवर फॉर्म पुढ्यात आला. नाव, वय, पत्ता, रक्तगट, कुठल्या गोळीने अंगावर पुरळ उठतं, आधीचं ऑपरेशन कधी झालं, सगळं भराभर लिहिलं. मग आलं ‘रुग्णाशी नातं’, आणि हात थांबला.

आम्ही दोघी १४ वर्षं एका छताखाली राहतो. घराचा हप्ता दोघींच्या पगारातून जातो. तिच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात रात्री उशाशी बसायला मी होते. मी त्या रकान्यात ‘मैत्रीण’ लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म वाचला आणि अगदी नीट, अदबीने विचारलं, "मॅडम, घरचं कोणी आहे का?"

घरची मीच होते. ते त्याला सांगायला माझ्याकडे कागद नव्हता.

सहीसाठी तिच्या भावाला अकोल्याला फोन लावला. सहा वर्षं तो आमच्याशी बोलत नाही. त्याने फोन उचलला, डॉक्टरांना ‘करा’ म्हणाला, त्याचे उपकारच. पण या सगळ्यात पाऊण तास गेला. ती स्ट्रेचरवर पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि मी तिच्या चपला हातात धरून उभी होते. ऑपरेशन झालं, ती आता बरी आहे. मी मात्र अजून त्या रकान्यापाशीच आहे.

म्हणून हा धागा. २०२३च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयात समलिंगी लग्नाच्या मान्यतेवर दहा दिवस सुनावणी चालली, ती मी ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर बघत असे. जोडप्यांच्या वीसएक याचिका होत्या, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं. त्या दिवसांत आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच विषय. ती म्हणायची, "मिळालं तर पहिल्या आठवड्यात नोटीस लावायची." विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस असते, त्याची गणितंसुद्धा आम्ही करून ठेवली होती. १७ ऑक्टोबर २०२३ला निकाल आला. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. निदान जोडपं म्हणून मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन, आणि तीन जण ‘नाही’ म्हणाले. ९ जानेवारी २०२५ला फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

मला विचारायचं आहे की आता पुढे काय? लग्नाच्या मान्यतेची मागणी सोडून द्यायची आणि बँकेत एक परवानगी, इस्पितळात दुसरी, रेशन दुकानात तिसरी असं गोळा करत बसायचं? माझं मत सांगते. सुट्या सुट्या सवलतींनी नातं तयार होत नाही. शेजारच्या घरातल्या नवरा-बायकोला रात्री दोन वाजता काहीही सिद्ध करावं लागत नाही, कारण त्यांनी ते एकदाच, एका कागदावर करून ठेवलंय. आम्हाला तेवढंच हवंय.

ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा. फक्त आम्ही दोघी हे वाचणार आहोत, एवढं ध्यानात ठेवून लिहा.

पंचगंगा

वाचून पोटात तुटलं गं. ती आता बरी आहे ना? पथ्यपाणी संभाळ, आंबट देऊ नको थोडे दिवस. माझा मुलगा बेंगळुरूला असतो, त्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं घर आहे. नंतर सविस्तर लिहिते.

तालुका_कोर्ट

मी वकिली करते. दिवाणी दावे आणि वारसाहक्काची प्रकरणं जास्त. निकालाबद्दल लोकांच्या मनात गोंधळ आहे म्हणून थोडं मांडते.

निकालपत्रं चार आहेत. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं म्हणणं असं की समलिंगी जोडप्यांना एकत्र नांदण्याचा हक्क आहे आणि राज्यसंस्थेने त्या नात्याला मान्यता दिली पाहिजे. त्यांनी दत्तकाच्या नियमातला अडसरही चूक ठरवला. न्या. भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांनी ते मान्य केलं नाही. एकत्र राहायला आडकाठी नाही, पण त्याला कायदेशीर दर्जा द्यायचा तर तो संसदेने द्यावा, असं बहुमत. एका गोष्टीवर मात्र पाचही जण एकत्र आहेत, ती फारशी कुणी सांगत नाही: पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आणि पुरुष, किंवा पारलिंगी पुरुष आणि स्त्री, यांना आजच्या कायद्यांखालीच लग्न करता येतं.

सरकारने न्यायालयात समितीचं आश्वासन दिलं होतं. ती एप्रिल २०२४मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. त्यानंतर ऑगस्टमध्ये अर्थ खात्याने खुलासा केला की जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही. रेशन कार्डासाठी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरा, असं राज्यांना कळवलं गेलं. जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याबद्दलही पत्र निघालं. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचं आहे. पण कातरवेळ म्हणतात ते मला पटतं. ‘मृतदेह मिळेल’ हे सांगणारं पत्र आहे, ‘जिवंतपणी सही करता येईल’ असं सांगणारा कायदा नाही.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण देते. आमच्याकडे राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. मुलाला, मुलीला, नातवंडाला दिलं तरी २०० रुपये. कातरवेळ यांनी आपला हिस्सा जोडीदारीणीच्या नावे करायचा म्हटलं तर परक्या माणसाला घर विकल्यासारखं बाजारभावावर पूर्ण शुल्क. शिवाय आयकर कायद्यात नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त आहे. नात्याबाहेरच्या भेटी वर्षाला ५० हजारांवर गेल्या की त्या उत्पन्नात धरल्या जातात. याच मुद्द्यावर २०२५मध्ये एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे आणि न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली आहे.

स्पष्टमत

धागाकर्तीबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. कुणालाही अशी वेळ येऊ नये. पण माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो.

विवाह ही समाजाने शतकानुशतकं घडवलेली संस्था आहे. पाच न्यायमूर्तींनी दहा दिवसांत तिची व्याख्या बदलावी हे मला योग्य वाटत नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम ४मध्येच पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ असं लिहिलेलं आहे. तिथे ‘व्यक्ती’ घातलं की वयाचं काय करणार? पोटगी कुणी कुणाला द्यायची? सरकारी वकिलांनी दीडशेच्या वर तरतुदींचा प्रश्न मांडला होता. हे काम संसदेचं आहे. इस्पितळातली सही, वारसा, विमा यासाठी वेगळा कायदा करा, माझा पाठिंबा आहे. त्याला लग्नच म्हणायचा आग्रह कशासाठी?

माणदेशी

मी ७२ वर्षांचा आहे. शिक्षक होतो, म्हसवडकडचा. हा विषय मी घरात कधी बोललो नाही, इथेच पहिल्यांदा लिहितो आहे. चुकलं तर सांगा.

मला हे नातं समजायला जड जातं, खोटं कशाला बोलू. पण स्पष्टमत म्हणतात की लग्न शतकानुशतकं तसंच आहे, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या आजोबांच्या दोन बायका होत्या. दोघी एका चुलीवर भाकरी थापत. गावात कुणाला त्यात गैर वाटलं नाही. १९४६ साली मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा आला तेव्हा आजोबा म्हणाले होते म्हणे, सरकार आता आमच्या माजघरात शिरलं. माझ्या वडिलांच्या पिढीत दुसरी बायको करणं कमीपणाचं झालं आणि माझ्या पिढीत तो गुन्हा. माझ्या आईचं लग्न तेराव्या वर्षी लागलं. आज कुणी तसं लावलं तर मी स्वतः पोलिसात जाईन.

लग्न शब्द अजून माझ्या गळी उतरत नाही. पण ते २०० रुपयांचं वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. चौदा वर्षं ज्यांनी मिळून हप्ते भरले त्यांना कायदा परके म्हणतो, हे बरोबर नाही.

कातरवेळ

माणदेशीकाका, तुम्ही लिहिलंत त्याचं मोल फार आहे. ती तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखव म्हणाली. आजोबांचं ‘माजघरात शिरलं’ हे दोनदा वाचायला लावलं.

स्पष्टमत, ‘लग्नच का’ याचं उत्तर देते. वेगळा कायदा केला तर प्रत्येक काउंटरवर तो समजावून सांगावा लागेल. ‘मी हिची अमुक कायद्याखालील नोंदणीकृत सहचारी’ हे वाक्य रात्री दोन वाजता कुणाला कळणार? ‘बायको’ म्हटलं की शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना एका क्षणात कळतं. त्या एका शब्दात शंभर कायदे आधीच भरलेले आहेत. म्हणून तो शब्द हवा.

तालुका_कोर्ट

संसदेबद्दल. १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत नेमकं हेच खासगी विधेयक मांडलं होतं, विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहाला मान्यता देणारं. सरकारी वकील न्यायालयात ‘संसदेवर सोपवा’ म्हणत होते तेव्हा ते विधेयक संसदेतच पडून होतं. पुढे २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाल्याची शेवटची वेळ १९७०ची. तेव्हा ‘संसदेकडे जा’ म्हणताना सरकार पक्षाने स्वतः विधेयक आणल्याशिवाय काही होणार नाही, हे समजून असावं.

आणि आपलं राज्य? सुनावणीच्या काळात केंद्राने राज्यांचं मत मागवलं. राजस्थान, आंध्र आणि आसाम यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमसोबत आणखी वेळ मागितला. फुल्यांच्या आणि कर्व्यांच्या राज्याने वेळ मागितला याचं मला वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

जुनी_पाने

फुल्यांचं नाव निघालंच आहे तर लिहितो. २५ डिसेंबर १८७३ला सत्यशोधक समाजाने पहिलं लग्न लावलं, भटजीशिवाय. वधू-वरांनी मराठीतून एकमेकांना वचनं दिली. ‘हे लग्नच नव्हे’ असा गदारोळ झाला. पुढे ओतूरला अशा लग्नांत पुरोहितांनी आपली दक्षिणा मागितली, दावा लावला, तो वर्षानुवर्षं चालून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आज रजिस्टर पद्धतीने लग्न करणाऱ्या कुणालाही ‘तुझं लग्न खोटं’ असं कुणी म्हणत नाही. स्पष्टमत यांनी संस्था शतकांची म्हटली. त्या शतकांत ती किती वेळा कोर्टाची पायरी चढली, तेही मोजायला हवं.

अजून एक. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या खासगी, लैंगिक प्रश्नांना दिलेली ती उत्तरं होती. उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण लोकांना पडणाऱ्या प्रश्नांना उत्तर देणं यात अश्लील काय, हा सवाल त्यांनी कोर्टात ठेवला. मराठीत ही चर्चा कालपरवाची नाही.

डब्लिनचा_मालवणी

मी इथे २०१२मध्ये आलो. आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ला याच प्रश्नावर सार्वमत झालं, ते मी रस्त्यावरून पाहिलेलं आहे. मत देता आलं नाही, सार्वमतात फक्त आयरिश नागरिकांना मत असतं. पण ती मोहीम कशी चालली ते इथे सांगावंसं वाटतं, कारण कातरवेळ यांनी ‘पुढे काय’ विचारलंय.

हा देश आपल्यापेक्षा काही फार पुढारलेला नव्हता. इथे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले ते १९९३ला. घटस्फोटसुद्धा १९९५च्या सार्वमतात अगदी निसटत्या फरकाने मिळाला. चर्चचं वजन तर विचारूच नका. २०१०मध्ये त्यांनी तोच वेगळा कायदा करून पाहिला जो स्पष्टमत सुचवतायत, नागरी सहचर्याचा. तो लोकांना पुरला नाही, कारण मुलांच्या बाबतीत आणि कितीतरी बारीक ठिकाणी फट राहत होती. मग सामान्य नागरिक आणि खासदार यांची मिळून एक परिषद बसली आणि २०१३मध्ये तिने सार्वमताची शिफारस केली.

मोहिमेचं नाव ‘येस इक्वॉलिटी’. मी ज्या घरात भाड्याने राहत होतो त्याची मालकीण सत्तरीची, रोज चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जाणारी. संध्याकाळी दारावर दोघं-तिघं यायचे, गळ्यात बिल्ला, हातात पत्रकं. ते घटनेवर भाषण देत नसत. एक मुलगा पावसात भिजत उभा राहून म्हणाला, "मी याच रस्त्यावर वाढलो. मला माझ्या गावात लग्न करायचंय. तुमची परवानगी मागायला आलोय." बाईंनी त्याला आत घेतलं, टॉवेल दिला, चहा दिला. मत कुणाला दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कॉलेजच्या मुलांनी तर ‘आजीला फोन कर’ अशी मोहीमच काढली होती. प्रत्येकाने आपल्या आजीला फोन करून स्वतःच्या तोंडाने मत मागायचं.

माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस या श्रद्धाळू कॅथलिक, त्यांचा मुलगा समलिंगी. त्या उघडपणे आई म्हणून बोलल्या. आणि त्या वर्षी १८ जानेवारीला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवसाला, तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी रेडिओवर सांगितलं की मी समलिंगी आहे. त्यांचे वडील आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ला ते पंतप्रधान झाले तेव्हा माझी आई फोनवर म्हणाली, "आपल्या वराडचो झील थंय मोठो झालो." ते समलिंगी आहेत हे तिला माहीत होतं, पेपरात आलं होतं. त्याबद्दल ती एक अक्षर वावगं बोलली नाही. २०१९च्या डिसेंबरात ते वराडला आले तेव्हा गावाने वाजतगाजत स्वागत केलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी विमानं, बोटी भरभरून मुलं परत आली. इथे परदेशातून मत देता येत नाही, प्रत्यक्ष यावं लागतं. लंडनहून, काही तर सिडनीहून, बॅगा ओढत. ६२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ४३ मतदारसंघांपैकी एकच विरोधात गेला.

स्पष्टमत

मालवणी, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. तिथे लोकांना विचारलं. मतपेटीतून आलं म्हणून टिकलं.

डब्लिनचा_मालवणी

खरं आहे, विचारलं. पण विचारायला लागलं याचा त्या मुलांना झालेला त्रासही मी पाहिलाय. मतदानाआधी कितीतरी दिवस विजेच्या खांबावर ‘मुलाला आई आणि बाबा दोन्ही हवेत’ अशा पाट्या लटकत होत्या आणि माझ्या ऑफिसातली सहकारी आपल्या लहान मुलीला दुसऱ्या रस्त्याने शाळेत नेत होती. त्या मुलीला दोन आई होत्या. आयर्लंडच्या राज्यघटनेत बदल करायचा तर सार्वमत लागतंच, दुसरा रस्ता नव्हता. आपल्याकडे अल्पसंख्याकांचा हक्क बहुमताच्या मर्जीवर नसावा म्हणूनच तर मूलभूत हक्कांचं प्रकरण घटनेत घातलं ना?

गोदाकाठ

मी पारलिंगी स्त्री आहे, नाशिकची. थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

निकालानुसार मला पुरुषाशी लग्न करता येतं. कागदावर. प्रत्यक्षात विवाह नोंदणी कार्यालयात आधी ओळखपत्रावरून चर्चा, मग शाळेच्या दाखल्यावरून. आमच्यातल्या पुष्कळ जणींना लग्नाआधी भाड्याची खोली हवी, नोकरी हवी, पोलिसांनी रात्री हटकू नये एवढं हवं. केंद्राने न्यायालयात या मागणीला शहरी उच्चभ्रूंचं म्हणणं ठरवलं तेव्हा मला चीड आली होती, कारण त्या याचिकांमध्ये लहान गावांतून पळून आलेल्या मुलींचीही बाजू होती. घरचेच मारतात, कोंडतात, जबरदस्तीने लग्न लावतात, तेव्हा आम्ही निवडलेल्या माणसांना कुटुंब माना, असं एका याचिकेत स्पष्ट मागितलेलं होतं. टीव्हीवर मात्र चांगले सूट घातलेली जोडपीच दिसली.

तरी मी या मागणीच्या बाजूने आहे. माझी एक मैत्रीण, ती आणि तिची जोडीदार दोघी ऊसतोड मजुरांच्या घरातल्या. पळून नाशिकला आल्या. आठव्या दिवशी घरचे पोलिसांना घेऊन आले. मुलगी सज्ञान, स्वतःच्या मर्जीने आलेली, तरी ठाण्यात तासन्‌तास बसवून ‘कोण लागते ही तुझी’ हाच प्रश्न. मुलगा-मुलगी पळून आले असते तर दाखवायला लग्नाचा दाखला असता. तो दाखला म्हणजे श्रीमंतांची हौस नाही, ढाल आहे. गरिबाला ती जास्त लागते.

कातरवेळ

गोदाकाठ, राग कसला. ‘कोण लागते ही तुझी’ म्हणजे माझा तोच रकाना, फक्त ठाण्यातला. आमच्याकडे निदान समोरच्या दादांची गाडी होती. तुझ्या मैत्रिणी आता कुठे आहेत, सुखरूप आहेत का?

गोदाकाठ

आहेत. एकत्र आहेत. एक शिवणकाम करते, एक हॉटेलात पोळ्या करते.

अनामिक_६१

फक्त एवढंच. मी ६१ वर्षांचा समलिंगी पुरुष आहे. १९९३ साली घरच्यांनी लग्न लावलं, मी ‘नको’ म्हणू शकलो नाही. माझी बायको चांगली बाई आहे. तिला तीस वर्षं वाटत राहिलं की तिच्यातच काही कमी आहे. गेल्या वर्षी मी तिला खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर मी दुसरं आयुष्य जगले असते." जे म्हणतात या मागणीने विवाहसंस्था मोडेल, त्यांनी माझ्या घरातला विवाह पाहावा. अशा मुलांना आपापल्या जोडीदाराशी लग्न करता आलं असतं तर तिच्यासारख्या किती जणी वाचल्या असत्या.

माणदेशी

अनामिक, वहिनींना माझा नमस्कार सांगा. यापुढे मी काही लिहावं असं वाटत नाही, फक्त वाचतो.

तालुका_कोर्ट

धाग्यावर काही जणांनी खासगी संदेशातून विचारलं म्हणून, कायदा बदलेपर्यंत हाताशी काय आहे ते सांगते.

मृत्युपत्र करा, आजच करा. स्वकष्टाची मालमत्ता कुणालाही देता येते. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण आपल्या प्रकरणांत जरूर करा, कारण पुढे भाऊबंद आव्हान देतात. नुसत्या नॉमिनेशनवर विसंबू नका. नॉमिनी हा मालक होत नाही, शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितलं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीत आणखी अडचण: तिथे ‘कुटुंब’ कोण हे नियमात ठरलेलं आहे, जोडीदार त्यात बसत नाही, आणि तसं कुटुंब असेल तर बाहेरच्याचं नामनिर्देशन चालत नाही.

इस्पितळासाठी लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. नेमकी इथे फसगत होते. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती शुद्धीवर नसेल, निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर आपल्या कायद्यात त्या मुखत्यारपत्राचा जोर संपतो, म्हणजे ज्या क्षणी हवं त्याच क्षणी ते हातातून निसटतं. असाध्य आजारातल्या शेवटच्या उपचारांसाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश करता येतात, २०२३पासून ते नोटरीसमोर होतात, त्यात पालक म्हणून जोडीदाराचं नाव घालता येतं. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, नात्याची अट नाही. म्हणजे एका कायद्यात संसदेने ‘ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे तो तुमचा माणूस’ हे मान्य केलेलं आहे. अपेंडिक्सला तोच न्याय का लावू नये, हे खासदारांना पत्र लिहून विचारा. मी लिहिलंय.

स्पष्टमत

मानसिक आरोग्य कायद्यातली तरतूद मला माहीत नव्हती. न्यायालयाने करू नये या मतावर मी ठाम आहे. पण संसदेने करावं म्हणणाऱ्याने संसदेकडे मागितलंही पाहिजे. माझ्या खासदारांना मीही पत्र टाकतो. मसुदा असेल तर द्या.

पंचगंगा

उशीर झाला लिहायला, घरी पाव्हणे होते.

माझा मुलगा पंचवीस वर्षांचा असताना त्याने मला सांगितलं. मी शेगडी बंद केली आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. पहिले दोन महिने रोज रडले. मग वाचायला लागले, इतर आया भेटल्या. २०२३ला सुनावणीच्या वेळी चारशेच्या वर आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, आमच्या डोळ्यांदेखत मुलांची लग्नं कायद्याने झालेली बघायची आहेत म्हणून. ते पत्र मी देवघरात ठेवलंय.

मुलाचा जोडीदार तमिळ आहे. माझे हे गेले तेव्हा तो मुलाच्या बरोबरीने बेंगळुरूहून रात्रभर गाडी चालवत आला. तेराव्यापर्यंत थांबला, पंगतीला वाढलं, आल्या-गेल्याच्या चपला सरळ लावत होता. भावकीत कुणी विचारलं हा कोण, तर मी म्हटलं, मुलाचा मित्र. ते मला अजून टोचतं.

वकीलबाईंचं वाचून आता मृत्युपत्र करायला घेतलंय. कोल्हापुरातलं घर मुलाला आणि त्याला, दोघांना. इथले वकील विचारतात, "हा कोण लागतो ते लिहावं लागेल." काय लिहू? जावई लिहिलं तर चालतं का? कायद्यात नसलेलं नातं लिहिलं म्हणून उद्या मृत्युपत्र रद्द तर नाही ना होणार?

तालुका_कोर्ट

नाही होणार. माणूस नेमका कोण ते कळलं पाहिजे, एवढंच. आधारवर आहे तसं पूर्ण नाव, वय, पत्ता लिहा आणि पुढे ‘माझा जावई’ असं खुशाल लिहा. साक्षीदार मात्र ज्यांना काही मिळणार नाही असे दोघे घ्या, आणि डॉक्टरांचा दाखला जोडा.

पंचगंगा

मग आधारवरचं नाव त्याला फोन करून विचारून घेते. घरात आम्ही त्याला सोन्याच म्हणतो, पूर्ण नाव मला धड लिहिताही येत नाही.